आईच्या बोरमाळेतला पोचा

मंगळवार, संध्याकाळ

आईच्या बोरमाळेतले चार मणी आतून रिकामे झालेत. उमेळ्याच्या सोनारकाकांनी आज तपासून सांगितलं. चूक माझीच. येत्या रविवारी लेकीचा, सायलीचा, साखरपुडा. तिला आजीची माळ घालायची होती, म्हणून मी ती रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवली. मण्यांत लाख असते आणि ती कढत पाण्यात वितळते हे या वयापर्यंत मला माहीत कसं नव्हतं?

"बाबांनी बोरमाळ उकडली, काका!" सायली दुकानात म्हणाली. हसत होती, पण डोळे भरलेले.

काकांनी एक मणी माझ्या तळहातावर ठेवला. सोन्याचा पत्रा कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ! "सोनं निसतं वरती, भाऊ. आत लाख हाय म्हनून मनी उभा." म्हणजे आईच्या गळ्यात इतकी वर्षं जास्त करून लाखच होती? तरी किती झळकायची.

त्या चारांतल्या एकाला पोचा आहे, तान्हेपणी मी चावल्याचा. नवी लाख भरताना तो निघून जाईल का? काकांनाही सांगता येईना.

"पोचा राहू द्या," सायली म्हणाली. "मला तोच हवाय."

शनिवारी माळ मिळेल. सायली आधी तोच मणी शोधेल. मीही.