नरहररावांच्या तोंडचं स्तोत्र

॥ श्री ॥
कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
१२ नोव्हेंबर २०२४

ती. रजनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावं तर शेजारच्या दुबेभाभींना आधी कळतं, म्हणून पत्र. ह्यांना पक्षाघाताचा झटका येऊन पाच आठवडे झाले. पाय थोडा उचलतात, उजवा हात अजून नाही. शब्द मात्र सगळे गेले. समजतं सारं, पण पाणी मागायला गेले तरी तोंडातून नुसतं बा-बा निघतं. कारखान्यात मशीनच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस गं!

आता खरं दुखणं सांगते. माझे देव अकरा दिवस पारोसे आहेत. पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये माझी पूजा दीड तास चालायची. हे पेपराआडून विचारायचे, तुझ्या देवांना साप्ताहिक सुट्टी नसते का. आता मिळाली! ह्यांचं तोंड धुणं, भरवणं, व्यायाम, औषधं, यातून स्तोत्राला बसले तर तिसऱ्या ओळीलाच पेंगते. चाळीस वर्षांत देवापासून इतकी लांब कधी गेले नव्हते. फार अपराधी वाटतं.

ह्यांचा नमस्कार. म्हणजे डावा हात हलला, तो मी नमस्कार धरला.

लोभ असावा, उपदेश चार ओळींत आटपावा.
तुझी मनोरमा


नागपूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मनोरमास,
अनेक आशीर्वाद.

चार ओळींत आटपायला मी तार करत नाहीये. तुझे पारोसे देव वाचून हसले. माझे गुडघे गेल्यापासून मी खुर्चीतूनच हात जोडते आणि कान गेल्यापासून कीर्तनात पहिल्या रांगेत बसून निवांत झोपते. देवाने अजून उठवलेलं नाही.

तू चार वर्षांची असताना तुला गोवर निघाला, तेव्हा आईने पंधरा दिवस देवघरात पाऊल टाकलं नव्हतं. मामींनी टोकलं, तर आई म्हणाली, देवही इथेच पोरीच्या उशाशी बसलाय, तिथे जाऊन कुणाची पूजा करू?

तेव्हा देवघर सोड. भरवताना, अंथरूण घालताना मोठ्याने स्तोत्र म्हण. नरहररावांसारखा नास्तिक उठून पळू शकत नाही, अशी संधी पुन्हा यायची नाही.

त्यांना आशीर्वाद, तुला दटावणी.
तुझी ताई


भोपाळ
१४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. घाईत, पण मनापासून.

बाई गं, ऐक! ह्यांना बोलायला शिकवणारी जुई नावाची मुलगी येते. ती म्हणते, सवयीचे शब्द आधी परततात. एक-दोन-तीन म्हणवून पाहिलं, गाडी दोनवर अडली. परवा ती बसली असताना मी चादर बदलत, तुझ्या हुकुमाप्रमाणे स्तोत्र म्हणत होते. जागरणाने डोकं रिकामं झालेलं, मधेच एक ओळ आठवेना. आणि पलंगावरून ह्यांनी पुढचा शब्द दिला. मग ओळ. मग अख्खं कडवं, माझ्याच चालीत, माझ्याच चुकीच्या उच्चारांसकट! आणि कडवं संपताच त्याच सुरात म्हणाले, दूध बघा हो, उतू जातंय.

जुई इथेच भोपाळात वाढलेली, मराठी कच्चं. तिने निरागसपणे विचारलं की हे शेवटचं संस्कृत कोणत्या देवाचं. पूजेतून रोज ह्यांना मारायची ती माझीच हाक! मी आधी लाजले, मग हसता हसता इतकी रडले की तिनेच मला पाणी आणून दिलं. पेपराआडून इतकी वर्षं सगळं ऐकत होते, लबाड!

त्यानंतर एकेक शब्द येतोय. चहा पहिला आला, माझं नाव सातवं. याचा हिशोब मी पुढे करीन.

काल मी स्वयंपाकघरात होते, तर आतून स्तोत्र ऐकू आलं. एकटेच म्हणत होते. मी विजयाने जाऊन विचारलं, आता तरी देव मानलात ना? त्यांनी नाही अशी मान हलवली, बराच वेळ ओठ जुळवले आणि म्हणाले की देव नाही, तू.

नास्तिक तो नास्तिकच. मी रागावायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या पायाशी बसून हात जोडले गेले. ते म्हणत राहिले, मी ऐकत राहिले. खूप दिवसांनी पूजा पूर्ण झाल्यासारखी वाटली.

माझा लोभ आहेच. संत्र्याची बर्फी घेऊन आलीस तर वाढेल.
तुझी मनोरमा