व्हॅनमध्ये की व्हॅनवर

माहूज, बहारीन

तीर्थरूप तात्यांना गुंडूचा वाकून नमस्कार (फार वाकावं लागत नाही, आपण जाणताच). गुडघे कसे आहेत? आईंचा खोकला थांबला का? आम्ही दोघं इथे मजेत आहोत. माझी नोकरी शाबूत आहे ती केवळ आपल्या कन्येमुळे, म्हणून हे पत्र.

झालं असं. गेल्या आठवड्यात एसी दुरुस्तीला आम्ही कामगार कंपनीच्या व्हॅनने सनाबिसला निघालो होतो. ट्रॅफिकमध्ये व्हॅन रांगत होती, तेवढ्यात सेफ्टीच्या इमादसाहेबांचा फोन आला, कुठे आहेस? मी ऐटीत इंग्रजी झाडलं, "ऑन द व्हॅन, सर!" (बसला 'ऑन' चालतं, विमानाला चालतं, मग व्हॅननेच काय घोडं मारलंय?) साहेब किंचाळले, "ऑन? अजून कोण आहे?" मी खरं ते सांगितलं, की अजून पाच जण आहेत आणि तौकीर झोपलाय. साहेबांना दिसले धावत्या व्हॅनच्या टपावर सहा जण, त्यातला एक घोरत! "यल्ला, गेट डाऊन!" (यल्ला म्हणजे 'चल, लवकर'.) मी आज्ञाधारकपणे उतरलो. सिग्नल सुटला, व्हॅन गेली, मी भर उन्हात रस्त्यावर. संध्याकाळी निरोप आला, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नकोस.

मी रात्री जेवलो नाही. रंजिता मात्र सकाळी मला घेऊन टॅक्सीने थेट ऑफिसात. (टॅक्सीला 'इन', हे तिने वाटेतच बजावलं.) साहेबांना म्हणाली, "ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन'. बस, बोट, विमान. ज्यात अंगाची घडी करून बसावं लागतं त्याला 'इन'."

"मग व्हॅनला 'इन'च," साहेब म्हणाले. "तिच्यात कोण उभं राहतंय?"

"माझे मिस्टर राहतात."

मला व्हॅनमध्ये उभं केलं. डोकं टपाला लागलं नाही. साहेब डोक्यावरचा रुमाल सावरत हसत सुटले. "खलास! कामावर जा." तात्या, माझ्या उंचीला आजवर सगळे हसलेच, तिचा उपयोग या एका बाईला सुचला. अशी मुलगी आपण मला दिलीत, काय बोलू!

आपला जावई,
गुंडू

ता. क. साहेबांनी रंजितालाच आम्हा कामगारांना इंग्रजी शिकवायला ठेवलंय. पहिल्याच परीक्षेत तिने मला नापास केलं (तौकीर पास). 'माझं रंजितावर प्रेम आहे' याचं इंग्रजी मी 'माय लव्ह इज ऑन रंजिता' असं केलं, तर भर वर्गात लाल रेघ! आपण मास्तर होतात, आपला शब्द ती मोडत नाही. वाक्य चुकलं असेल, मजकूर खरा आहे, एवढं बघून अर्धा मार्क तरी द्यायला सांगा.