मधली फ्रेम रिकामी

४ जानेवारी

वही घेऊन दीड महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत होते. आधी पेन सापडेना. मग पेन सापडलं तर वही गायब. काल दोन्ही हाताशी होतं, तर समोरच्या गच्चीत एक माणूस छत्री दुरुस्त करत बसलेला. त्याच्याकडे बघण्यात अख्खी संध्याकाळ गेली. (छत्री काही झाली नाही.)

तर बातमी अशी — नवी खोली घेतली. पंधरावी! एक खिडकी, एक भिंत लांबच्या लांब मोकळी, आणि खाली मालकीणबाई.

ताईला फोन केला पत्ता सांगायला. मागून बाबांचा आवाज, "थांब, पेन्सिल कुठंय बघू दे."

माझा पत्ता बाबा पेन्सिलीनेच लिहितात. त्यांच्या वहीत बाकी सगळं जग शाईने आहे. वारलेलेसुद्धा!

७ जानेवारी

आज पत्र्याची ट्रंक उघडली. माझं काम प्रदर्शनांचे स्टॉल उभे करायचं. गावोगाव जायचं, दोन दिवसांत दुकानांची आळी उभी करायची, तीन दिवस लोक येणार, चौथ्या दिवशी सगळं उखडून ट्रकमध्ये. पाच वर्षं हेच. माझ्या हातचं काही चार दिवसांवर टिकलेलं नाही.

पण ट्रंकेत बघते तर काय काय साठवलंय! पहिल्या स्टॉलच्या लाल गालिच्याचा तुकडा. अंगठ्याला भोक पडलेला डाव्या हाताचा मोजा. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने काढलेलं माझं चित्र — शिडीवर मी, खालून बघितलेली, नुसते तळवे आणि वर कुठेतरी नाक. आणि आईचं अर्धवट भरतकाम. बदकाला एकच पाय. आई गेली तेव्हा सुई त्यातच होती, अजून आहे.

हे सगळं भिंतीवर लावायचं. फ्रेम करून. ठरलं!

९ जानेवारी

अजून एक वस्तू हवी. बाबांच्या वहीतलं माझं पान. चौदा पत्ते लिहून खोडलेले. ताई म्हणते, "खोडून खोडून कागद इतका झिजलाय की मागच्या पानावरचे काका दिसतात."

बाबांना विचारायला लावलं. उत्तर आलं, "वहीचं पान फाडतात होय? वेडी का खुळी!"

ठीक आहे. ताईने गुपचूप पट्टी लावून माप तेवढं सांगितलं.

११ जानेवारी

फ्रेमवाले काका! चष्मा कपाळावर, आणि तोच शोधत होते. मोजा बघून हसतील वाटलं, तर त्यांनी दोन बोटांनी उचलला, फुंकर मारली, म्हणाले, "याला खोल पेटी लागेल. काचेला चिकटला तर गुदमरेल बिचारा."

सुई काढायची का विचारलं. "हात लावू नकोस. काम चालू आहे ते."

मग काका मापाच्या चिठ्ठीवर आले. "हिच्यात काय बसणार?"

"अजून काही नाही."

"बरं. रिकामी देतो. काच पुसून ठेवत जा."

१५ जानेवारी

लागली! पाचही फ्रेमा भिंतीवर! मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय, "भिंतीला खिळा लागता कामा नये." लागला नाहीच. आमच्या धंद्यातली दोन्हीकडून चिकटणारी टेप. त्यावर मी अख्खी दुकानं तोलली आहेत. मधोमध रिकामी फ्रेम. काय दिसतेय भिंत! जेवताना बघितलं, दात घासताना बघितलं.

१८ जानेवारी

धाड! सकाळी दात घासत असताना. आधी मोजा, मग बदक, मग सगळी रांग. तीन दिवस टिकली. बरोब्बर तीन!

१९ जानेवारी

काकांकडे फुटक्या काचा घेऊन गेले. ऐकून पोट धरून हसले. मग चष्मा खाली ओढला. "टेप प्रदर्शनाला ठीक. तुला किती दिवस राहायचंय तिथे?"

मी काचाच मोजत बसले. असला साधा प्रश्न!

संध्याकाळी ताईला सगळं हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "एक सांगू? बाबा एकदा आले होते तुझ्याकडे."

मी म्हटलं कधी?

दोन वर्षांपूर्वी. न सांगता. पिशवीत माझ्यासाठी स्वेटर. कधी प्रवास न करणारा माणूस, दोन गाड्या बदलून गेला. ती माझी नववी खोली. दार दुसऱ्याच कोणीतरी उघडलं. मी पंधरा दिवसांपूर्वीच सोडलेली. तसेच परतले. घरी येऊन ताईला खरं सांगितलं, शेजाऱ्यांना म्हणाले, "बाहेर गेली होती." त्या रात्रीपासून पेन्सिल.

म्हणजे आधी मीही शाईत होते.

२० जानेवारी

कामावर गेले. एक फळी उलटी ठोकली. दुसरं काही लिहवत नाही.

२२ जानेवारी

मालकीणबाईंकडे गेले. सरळ म्हटलं, मला खिळे ठोकायचेत. पाच.

"भोकं पाडून पळून गेलेले भाडेकरू खूप बघितलेत मी. तुझी ट्रंकसुद्धा अजून जिन्याकडे तोंड करून आहे!"

(खरंच आहे. यांनी कधी बघितली?)

"तीन वर्षांचा करार कर. मग खिळे ठोक, खुंट्या ठोक, मी हातोडी देते."

तीन वर्षं! एका खोलीत सहा महिने काढलेले नाहीत मी. विचार करून सांगते म्हटलं. जिन्यावर बसून विचार केला. तिथे मुंग्यांची एक रांग होती, तीही घरीच चाललेली. परत खाली गेले आणि सही केली. पेनने!

२३ जानेवारी

मुकादमाला सांगितलं. एकतीस तारखेला तीन महिन्यांचा दौरा निघतोय, मी येत नाही. मला इथे गोदामात फळ्या रंगवायचं काम द्या.

"तू? पायाला भिंगरी लावलेली तू? आजारी आहेस का?"

"नाही. भिंत आहे मला."

पण दिलं काम!

२५ जानेवारी

ड्रिल मारताना अख्खं अंग थरथरतं. पहिलं भोक वाकडं. दुसरं सरळ. पाचव्याला तर मी गात होते! प्लग, स्क्रू, फ्रेम. मोजा, गालिचा, शिडीवरची मी, आईचं बदक. मध्ये रिकामी. लेव्हलची पट्टी लावली, बुडबुडा मधोमध. मग सगळ्या फ्रेमांना जरा जरा लोंबकळून बघितलं. हलत नाहीत!

मालकीणबाई वर येऊन बघून गेल्या. "मधल्यात काय?"

"बाबांची वाट बघतेय."

"फोटो येणारे का त्यांचा?"

"तसंच काहीतरी."

ट्रंक फिरवली. आता ती भिंतीकडे बघते. ताईला फोन करून सगळं सांगितलं, करार आणि रिकाम्या फ्रेमसकट.

३१ जानेवारी

ट्रक गेला. कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. पाय शिवशिवले, खोटं कशाला सांगू. परत येऊन रिकाम्या फ्रेमची काच पुसली.

१ फेब्रुवारी

घाईत लिहितेय. आत्ता खालून मालकीणबाईंची हाक — "अगं ए! एक म्हातारे गृहस्थ आलेत! हातात वही घेऊन घरांचे नंबर बघत फिरत होते. तू इथेच राहतेस का विचारतायत!"

पान फाडायचं नाही म्हणून अख्खी वहीच घेऊन आलेत.

जिन्यावर पावलं. आणि मी घरात आहे!