पिठाच्या डब्याचे उपास

प्रिय मंगलअक्का,

तुला पत्र लिहायचं चार वर्षं टाळतोय. एक वही घेतली, ती गडहिंग्लजच्या स्टँडवर विसरलो. दुसरी घेतली, तिच्यावर मंडपाच्या कामावरल्या पोरांनी पत्त्यांच्या डावाचे गुण लिहिले. पण वहीचं निमित्त गं. तुझ्याशी बोलायचं तोंडच नव्हतं मला. आता इचलकरंजीत कापडाच्या मागावर लागलोय, तीन महिने झाले, एका जागी एवढा टिकलो! आणि आज लिहितोय ते सुमीमुळं.

आपली धाकटी सुमी तेरा वर्षांची झाली. गेल्या रविवारी उचगावला घरी गेलतो. अंगानं सुटायला लागलीय, अगदी तुझ्यासारखी. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "हिनं बी शनिवार धरलाय." हातातला घास परत ताटात ठेवला मी.

तुझा पहिला शनिवार कुणी काढला, आठवतंय? मीच की. तू सोळाची, मी चौदाचा. गल्लीतली पोरं तुला मैद्याचं पोतं म्हणायची आणि मी त्यांच्याबरोबर हसायचो. घरी येऊन आईला म्हटलं, अक्काला मारुतीचा उपास धरायला लाव, बारीक होईल, स्थळं तरी येतील. चेष्टाच होती. पण आईनं पिठाच्या डब्याकडं बघितलं आणि म्हणाली, "धरू दे की."

उसातलं तण काढायचा, भांगलणीचा पगार आईला रविवारी मिळायचा. शुक्रवारी डब्याचा तळ दिसायचा. मग शनिवारच्या जोडीला देवीचा शुक्रवारही आला. आपल्या घरात कुठल्या देवाचा उपास, ते डबा ठरवायचा! आणि आई? ती तर कैक दिवस जेवायचीच नाही. कुठल्या देवासाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही.

तुझी भाकरी माझ्या ताटात यायची. मला कळत होतं अक्का. चौदाव्या वर्षी एवढं कळतं.

उपासाचे ते दोन दिवस तू गोड चहावर काढायचीस, वर गुळाचा खडा. गूळ तेवढा घरात कायम असायचा, आई ज्यांच्या उसात राबायची ते द्यायचे. त्यांच्या गुऱ्हाळावरच्या लंगड्या कुत्र्याचं सांगणार होतो, राहू दे. रविवारी बाजारातनं भजी-फरसाण आलं की तू अशी खायचीस, जणू परत मिळणारच नाही. मी म्हणायचो, बघ, म्हणून फुगतीयास. तू एकदाच बोललीस, "खाऊन घेते रे. शुक्रवार लांब न्हाय."

आईला वाटायचं तू चोरून खातीस. शाळेत रक्तवाढीच्या गोळ्या वाटल्या, तेव्हा बाईंनी वाळक्या पोरींना दिल्या आणि तुला म्हणाल्या, तुला गं कशाला? घरी येऊन ते तू हसत सांगितलंस. का हसलीस गं? भांडायचं होतंस की!

नळावर चक्कर येऊन पडलीस, तेव्हा मी मंडपवाल्यांबरोबर कामाला गडहिंग्लजला होतो. निरोप मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेली होतीस. डॉक्टरीणबाई आईला विचारत होत्या, पोरगी खात काय होती? रक्तात साखर वाढलेली, आणि अंगात रक्तच कमी. आई एकच म्हणत राहिली, "एवढी अंगानं भरलेली हो, उपाशी कशी असंल?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. उत्तर मला ठाऊक होतं. दिलं नाही. तेव्हापासून घरी टिकत नाही मी. एसटी दिसली की चढतो.

पण आता ऐक. उद्या रविवार. घरी जाऊन आईला सगळं सांगणार. तो उपास माझ्या डोक्यातनं निघाला आणि तुझी भाकरी मी खाल्ली, हेही. शुक्रवारी डब्यात पीठ असेल, ते मी आणीन, कुठंही भटकत असलो तरी. आणि सुमी जेवल्याशिवाय मी ताटावर बसणार नाही. हा शब्द देतो तुला.

थांब, कारखान्याचा वॉचमन मला हाक मारतोय, "तुझं पावणं आलंय" म्हणून.

अक्का, फाटकात सुमी उभी आहे. शाळेच्या कपड्यात. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एकटीच एसटीनं आलीय एवढ्या लांब. म्हणतीय, "दादा, आईला सांगू नगं. मला जेवायला घाल."

तुझा भाऊ,
संजा