गोधडीची चौथी बाजू

२ डिसेंबर
निश्चय. येत्या रविवारच्या आत गोधडीला कड लावून संपवायची. चार बाजूंना चार पट्ट्या, त्या दुमडून मागच्या अंगाने हाताने बारीक टाके. एवढंच. बाकी सगळी गोधडी हे शिवून गेले. जन्मभर बसगाड्यांच्या सीटा शिवलेला माणूस, रिटायर झाल्यावर पडद्यांच्या नमुन्याचे तुकडे जोडत बसायचा. नातवंड होईल त्याच्यासाठी म्हणून. कडेच्या पट्ट्याही कापून, इस्त्री करून ठेवल्या आणि म्हणाले, कड तेवढी तू लाव, तुझा टाका बारीक.

त्याला वर्ष होऊन गेलं. नात आता दीड महिन्याची आहे. बाळंतपणाला लेकीकडे गेले होते, ती पंधरा दिवसांत परत आले. गोधडी पुरी करायची म्हणून.

काम दोन दिवसांचं आहे.

३ डिसेंबर
रात्री गोधडी मीच पांघरली. कोरं कापड कडक असतं, लहान बाळाला टोचतं. थोडी वापरून मऊ करून दिलेली बरी.

५ डिसेंबर
वाचनालयातून शिवणकामाचं पुस्तक आणलं. माझी शाळा अर्ध्यात सुटली, जे काय येतं ते वाचून वाचून. कोपरा कसा वळवावा यावर अख्खा धडा आहे. दोनदा वाचला. पुढे सुयांचा इतिहास होता, तोही वाचला. टाका एकही घातला नाही, पण पाया पक्का झाला.

रविवार
पहिली बाजू पुरी! एका बैठकीत. तेवढ्यात बेल वाजली, मी उठले, तर गोधडी माझ्याबरोबर उठली. कडेबरोबर माझा गाऊनही शिवला गेला होता. तशीच दारात गेले. मीटर बघायला आलेला माणूस म्हणाला, बसा बसा मावशी, बरं नसेल तर उठू नका.

सगळं उसवलं. पहिली बाजू पुरी नाही.

१५ डिसेंबर
आता खरंच पहिली बाजू पुरी, दुसरी अर्धी. लेकीचा फोन. किती झाली, म्हणाली. तीन बाजू झाल्या म्हटलं. दीडचे तीन सांगितले तर खोटं म्हणता येत नाही, जरा पुढचं सांगितलं.

ती म्हणाली, बाळाला सध्या दुकानातलं ब्लँकेट घालतोय, सशांचं. पण बाबांच्या गोधडीत तिला कधी गुंडाळीन असं झालंय.   रात्री गोधडी कानावरून घेतली.

२२ डिसेंबर
तीन बाजू झाल्या. म्हणजे १५ तारखेचं बोलणं आता खरं ठरलं. मनावरचं ओझं उतरलं.

चौथी बाजू उद्या.

२७ डिसेंबर
चौथ्या बाजूला लावायचा दोरा रंगाने जरा वेगळा वाटतो. घाई नको.

संध्याकाळी लेकीने विचारलं, पाठवतेस ना गं? मी म्हटलं, पाठवली की, आजच, कुरिअरने. तोंडातून निघून गेलं. आता निघालंच आहे तर उद्या कड पुरी करून पाठवायची, म्हणजे एका दिवसाचाच फरक. एक दिवस म्हणजे काही खोटं नव्हे.

३ जानेवारी
पाठवलेली नाही.

लेक म्हणाली, आई, अजून आली नाही. मी म्हटलं, कुरिअरवाल्यांचा काय भरवसा. पावती मागितली. पावती गाऊनच्या खिशात राहिली आणि धुण्यात गेली, म्हटलं. मग फोनमध्ये मागून जावयांचा आवाज आला, असं कसं हरवतं, मी बघतो त्यांच्याकडे. शांत माणूस, पण कंपन्यांशी भांडायला त्यांना फार आवडतं.

त्यांनी तक्रार केली.

७ जानेवारी
कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या कुरिअरच्या काउंटरवर रोजची बाई नाही. गेली कित्येक वर्षं आहे. बोलायला तिखट, पण माझे गुडघे कसे आहेत हे न विचारता पाकीट घेत नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, कुणाची तरी गोधडी गायब झाली. पावती नाही, कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही. तिथल्या साहेबांचं म्हणणं, हिने पार्सल घेतलं आणि नोंद न करता घरी नेलं. सापडेपर्यंत गोडाऊनमध्ये पोती उचलायला लावलंय. नाही सापडलं तर काढून टाकणार.

कुणाची म्हणे, मी विचारलं. तोंड वर करून.

जेवण गेलं नाही. उद्या जाऊन सगळं सांगायचं. निश्चय.

८ जानेवारी
गुडघा दुखतो आहे.

९ जानेवारी
गेले. ऑफिसात गर्दी होती. साहेबांनी विचारलं, काय हवं? मी सहा पाकिटं विकत घेऊन परत आले.

गोधडीत पडून पुस्तक वाचत होते. अक्षर डोळ्यांपुढे, आणि डोळ्यांपुढे ती बाई, पाठीवर पोतं घेऊन. पोतं माझंच, असं वाटत राहिलं. गोधडी काढून घडी घातली. तासाभराने परत पांघरली. नुसती थंडी सोसून त्या बाईचं काय भलं होणार आहे?

१० जानेवारी
सांगितलं. सगळ्यांसमोर. गोधडी मी दिलीच नव्हती, ती माझ्या घरी आहे, म्हटलं. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, आजी, तिने पाठवलंय ना तुम्हाला? आम्हाला कळतं हो सगळं. मी म्हटलं, आजी कुणाला म्हणता, आणि मला कुणी पाठवलेलं नाही. ते म्हणाले, मग गोधडी आणून दाखवा. पार्सल पत्त्यावर पोहोचलं तर तक्रार बंद, ती बाई काउंटरवर. नुसत्या बोलण्यावर काही होत नाही.

म्हणजे उद्या द्यायचीच.

दुपारभर चौथ्या बाजूला बसले. वीतभर झाली. मग सुई दिसेना, नुसतं पाणी पाणी. चष्म्याचा नंबर वाढला असणार. ह्यांचे टाके मात्र दिसत होते, जाडे, सीटवरच्यासारखे.

११ जानेवारी
दिली.

साहेबांनी तिला गोडाऊनमधून बोलावलं. तिने गोधडी उलगडली, फिरवली. म्हणाली, काकू, एक बाजू राहिलीय. मी म्हटलं, ती तशीच असते. लटकणारी सुई तिने काढली आणि माझ्या बाहीला टोचून ठेवली. मग खाली बघत म्हणाली, चार दिवस पोती उचलली मी काकू. माझ्या पोरांना शाळेत विचारलं, तुमच्या आईने काय चोरलं म्हणून.

माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हटलं, टेप नीट लावा.

दारापर्यंत जाऊन परत आले. मग मागितली. ती म्हणाली, आता गर्दी आहे, बाजूला व्हा. गुडघ्यांचं विचारलं नाही.

१६ जानेवारी
गोधडी पोहोचली. लेकीला सगळं कळलं आहे, साहेबांनी जावयांना फोन केला होता. ओरडेल असं वाटलं.  नुसती म्हणाली, बाबांचा वास नाही गं येत हिला, तुझ्या तेलाचा येतो.

बाळ पांघरतं ना, मी विचारलं. म्हणाली, कुठलं! लाथ मारून काढून टाकतं, तिला ससेच लागतात. ह्यांना आवडलीय, ते घेऊन झोपतात.

जावई! मी वर्षभर जिवाला लावून घेतलं ते जावयांच्या घोरण्यासाठी.

मी म्हटलं, मग असं कर, परत पाठव. चौथी बाजू लावून देते, दोन दिवसांचं काम आहे. म्हणाली, बरं, पाठवते.

२० जानेवारी
लेक म्हणाली, पाठवली की, परवाच. मिळाली नाही अजून?

दोरा आणून ठेवला. रंग जुळतो.

२६ जानेवारी
आली नाही. लेकीकडे पावती मागितली. धुण्यात गेली म्हणाली.

२७ जानेवारी
काउंटरवर चौकशीला गेले. बाई परत तिथे आहे. माझी लेक कधी पाठवली म्हणते, पावतीचं काय झालं, सगळं नीट सांगितलं. तिने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. पुन्हा शोधलं. मग कीबोर्डवरचे हात काढले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, काकू, लेक तुमचीच ना?

म्हटलं, हो, अगदी माझ्यावर गेली आहे.

म्हणाली, मग घरी जा.