कुंडी क्र. १३ ते १८

६ फेब्रु.
मिरचीची मुळं निळ्या रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली पाहिली. अठराही कुंड्यांत मुळांना अन्न आणून देणाऱ्या बुरशीची पूड एकच, खत वेगवेगळं. बिनखताच्या सहांत मुळाच्या आत बुरशीचं जाळं गच्च. मध्यम खताच्या सहांत बऱ्यापैकी. भरपूर स्फुरद, म्हणजे फॉस्फरसचं खत, दिलेल्या १३ ते १८ मध्ये शोधून सापडेना. झाडाला आयतं मिळतंय, ते बुरशीला कशाला पोसेल?

९ फेब्रु.
पानांतल्या झिंकचा रिपोर्ट आला. १३–१८ मध्ये सगळ्यांत कमी. झिंक मुळांना बुरशीच आणून देते, म्हणजे जुळतंय.
प्रोजेक्टचे सर म्हणाले, "त्या सहा कुंड्या बिघडल्यात. काढून टाक."
म्हटलं, बिघडल्या नाहीत, निष्कर्षच तो आहे.
"वीस तारखेला शेतकऱ्यांना पूड दाखवायचीय. गोंधळ नको."
काढणार नाही.

१० फेब्रु.
हे पहिल्या पाळीहून आले. चहा घेताना सगळं सांगितलं. "तुला काय करायचंय? डिग्री घे अन् मोकळी हो. लातूरहून बोईसरला भांडायला आलोत का?"
चाळिशीत कॉलेजात गेले ती मोकळी व्हायला नाही. भाजी करपली.

१५ फेब्रु.
वाणगाव. मिरची लावणाऱ्या नरेशकाकांकडे. कुंड्यांतली माती त्यांच्याच बांधावरची, तिथे खत कधी पडत नाही. शेतात मात्र मिरचीला ओतून घालतात.
"पूड घेऊ का नको, बाई? तू सांगशील तसा."
खत कमी करणार असाल तर घ्या, नाहीतर वाया जाईल, म्हटलं.
"तुमचे सर असा नाय बोलले."

२० फेब्रु.
मेळावा. सरांच्या तक्त्यात बाराच कुंड्या. काका मधेच उभे राहिले. "बाई, मला बोललीस ता इथं पन बोल."
उठले. अठराही सांगितल्या. मागच्या रांगेतल्या एकाने वही काढली. सर मोबाईल बघत बसले.

२३ फेब्रु.
माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टवर सरांची सही नाही. "सहा काढून आण, मग बघू."
विभागप्रमुख मॅडमना अर्ज लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा ठेवला.

२४ फेब्रु.
अर्ज ऑफिसात दिला. मॅडम मीटिंगमध्ये. शिपाई म्हणाला, उद्या या. म्हटलं, बसते. बाकावर बसून हे लिहितेय.
दीडला यांचा फोन. "सही झाली?"
"नाही."
मग, "डबा नेलायस ना?"
नेलाय.