कडुनिंबाला आपट्याची पानं

१ ऑक्टोबर १९५८, बुधवार

मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले. आज त्यात माझ्या खुर्चीची भर पडली. सिस्टर रोझलिन यांनी पहिलीच्या वर्गातली माझी खुर्ची उचलून नेली आणि तिथे मुलांच्या मापाचं स्टूल ठेवलं. म्हणाल्या, मास्तर, पहिलीच्या शिक्षकाने मुलांच्या डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर बसावं. बसलो. गुडघे कानाला लागले. मुलांना डोळे कसले, माझे गुडघेच दिसत असणार. व्हर्नाक्युलर फायनल फर्स्ट क्लासमध्ये पास झालेल्या माणसाची ही बैठक!

निषेधाचा अर्ज मनातल्या मनात लिहिला. भाषा जळजळीत झाली. पाठवणार नाही, कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून फादर इन्स्पेक्टर येणार आहेत. जूनपासून मी या मिशनच्या शाळेत टेंपररी. फादरांचा शेरा चांगला आला की परमनंट. नाही आला तर दिवाळीनंतर चाकणला, मेव्हण्याच्या वखारीत, कांद्याच्या पोत्यांवर देखरेख. मेव्हणा हिंदुराव दर रविवारी येऊन सांगतो, दाजी, कशाला त्या पोरांत घसा सुकवताय, कांदा उलटून प्रश्न विचारत नाही.

संकल्प: इन्स्पेक्शन गाजवायचं. कसं ते उद्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल सुटी होती म्हणून विचार केला नाही. आज आपोआपच ठरलं. परदेशातल्या कुणा दानशूर बाईंनी मिशनला पार्सल पाठवलंय. आत जुने स्वेटर आणि एक पुस्तक: पहिलीच्या मुलांसाठी ऑटमचे, म्हणजे तिकडच्या पानगळीचे, उपक्रम. लाल-पिवळी पानं, शेपटी फुगवलेली खार, दात काढून हसणारा भोपळा. सिस्टर म्हणाल्या, चित्रं बरी आहेत, पोरांना दाखवा आणि पुस्तक परत आणून द्या.

सिस्टर वसईच्या. बाई सज्जन, पण दृष्टी केळीच्या बागेपुरती. नुसती चित्रं दाखवून जगात कोण परमनंट झालंय? मी अख्खा ऑटमच करून दाखवणार. पिंपरीत तो आजवर कुणी केला नसेल.

एकच अडचण. पटांगणातला कडुनिंब हिरवागार. पलीकडे कारखान्याच्या कॉलनीपर्यंत नजर टाकली, जिकडे तिकडे निर्लज्ज हिरवं. झाडांना शिस्त म्हणून नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहिला धडा. ऑटममध्ये गारठा पडतो, पानं गळतात, आपण स्वेटर घालतो. पार्सलमधले स्वेटर मुलांना चढवले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, वर्गावर पत्रा. शफी मेकॅनिकच्या बरकतचा स्वेटर घोट्यापर्यंत आला. मुलांना म्हटलं, आता कुडकुडा. पोरं घामाने निथळत कुडकुडली. फिलोमिना तर डोळे पांढरे करून खालीच बसली. मी शाबासकी दिली. तिला खरोखरच घेरी आली होती हे नंतर कळलं, त्यामुळे पाणी द्यायला जरा उशीर झाला.

मध्येच पिंपळे सौदागरच्या तानाबाईंची शकू उठली. म्हणते, गुरुजी, पानं तर शिमग्याच्या टायमाला गळत्यात. म्हटलं, ते आपल्याकडे. तर म्हणते, मंग आत्ता आमी कुठं हाय?

या मुलीला इन्स्पेक्शनच्या दिवशी मागच्या रांगेत बसवावं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

खारीचा उपक्रम. पुस्तकातली मुलं खार होतात आणि ओक नावाच्या झाडाची फळं हिवाळ्यासाठी साठवून ठेवतात. ओक नाही. तानाबाईंनी नुकत्याच उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा शकूबरोबर पाठवल्या. शेंगांवर गणितही उरकून घ्यावं असं योजलं. वजाबाकी फारच सुंदर झाली. बेरीज जमेना, कारण माल उरला नाही. रागावलो तर बरकत म्हणतो, गुरुजी, खार बी खातीच की. मुद्दा शास्त्रीय होता. मीही मूठभर खाल्ल्या, केवळ उदाहरणादाखल.

दुपारी निम्मा वर्ग पोट धरून. मीही. उपक्रम यशस्वी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

भोपळा. हा आतून पोखरायचा, डोळे-नाक-दात कोरायचे, आत मेणबत्ती लावायची. घरी कोरायला बसलो तर ही किंचाळलीच. म्हणाली, आजच घट बसलेत आणि तुम्ही भोपळ्याचे डोळे काढताय? म्हटलं, हे शिक्षण आहे. म्हणाली, मग शाळेत जाऊन काढा. शेजारच्या रहमतबी भिंतीवरून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, मास्तर, किसकी नजर उतारते? हिने माझ्याकडे बोट दाखवलं.

शाळेत नेऊन टेबलावर ठेवला, मेणबत्ती लावली. पोरं बाकाखाली. सिस्टर धावत आल्या, छातीवर क्रूस केला आणि थोडं निरखून म्हणाल्या, मास्तर, हा सैतान की तुमचा मेव्हणा? अधूनमधून शाळेच्या गेटाशी तुम्हाला विचारत येतो तो? साम्य मलाही जाणवलं. मुद्दाम केलेलं नव्हतं. हात ओळखीच्या वळणावर गेला असेल.

भोपळा घरी परत. हिने त्याचे घारगे केले. खाताना हिंदुरावची आठवण येत राहिली. बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आतापर्यंतचे उपक्रम म्हणजे तयारी होती. मुख्य विषय पानं. कडुनिंबाकडे रोज अपेक्षेने पाहतो. परवा एक पान गळलं. उचलून पाहिलं, ते बकरीने अर्धवट खाऊन टाकलेलं निघालं.

पण निसर्ग काम करत नसेल तर शिक्षकाने हात बांधून बसायचं का? पानं आणायची, निम्म्यांना हळद लावायची, निम्म्यांना गेरू, आणि दोऱ्याने कडुनिंबाला बांधायची. फादर आले की मी म्हणणार 'ऑटम', बरकत दोरी ओढणार, पानं भिरभिरत खाली.

पान कुठलं घ्यावं यावर बराच विचार केला. कडुनिंबाचं फार बारीक, वडाचं जड. चिंचवडच्या बाजारात या दिवसांत आपट्याच्या डहाळ्यांचे ढीग असतात. पान जोडाचं, आकाराने देखणं, रंग धरणारं. लोक ती दसऱ्याला सोनं म्हणून लुटतात. आपण विज्ञानासाठी घ्यायची. फरक दृष्टीचा.

२० ऑक्टोबर, सोमवार

हिने सबंध रविवार पानांना हळद लावण्यात घालवला आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवला. म्हणाली, वर्षाची हळद गेली. म्हणाली, अहो, दसऱ्याच्या तोंडावर आपट्याची पानं पिवळी करून चव्हाट्यावरच्या झाडाला टांगताय, लोक काय म्हणतील? म्हटलं, लोक म्हणतील, काय शिक्षक आहे!

आज शाळा सुटल्यावर बांधली. कडुनिंब ओळखू येईना. पुस्तकातल्या चित्रापेक्षा सरस. रंगीत तालमीत बरकतने दोरी ओढली, थोडी पानं झकास गळली. दोरी जाड लागेल. बाकी काही उणीव नाही.

सिस्टर बराच वेळ झाडाकडे पाहत उभ्या होत्या. भारावल्या असाव्यात.

२२ ऑक्टोबर, बुधवार. दसरा.

सुटी. हिंदुराव सोनं द्यायला आला. पाटावर ऐसपैस बसून म्हणतो, दाजी, वखारीत तुमच्यासाठी कोपरा झाडून ठेवलाय, नवी गादी पण शिवायला टाकलीय. म्हटलं, गादी तुलाच होईल. उद्या संध्याकाळी मी परमनंट. तो हसला. भोपळा अगदी तंतोतंत जमला होता.

दुपारी शाळेवरून चक्कर मारली. पानं शाबूत, उन्हात सोन्यासारखी चमकत होती. संध्याकाळी सगळा गाव वाजतगाजत सीमोल्लंघनाला निघतो. वाट शाळेच्या फाटकावरूनच जाते. चांगलं आहे. गावालाही दोन घटका शिक्षण पाहायला मिळेल.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी

झाड लुटलं. परतताना सगळा गाव आत शिरला म्हणे. पिकलेलं, पिवळं, आयतं सोनं, कोण सोडतो? दोरे तुटेनात म्हणून फांद्या वाकवून कडुनिंबाची स्वतःची पानंही ओरबाडलेली. झाड बोडकं.

प्रथम पायाखालची जमीन सरकली. मग लक्षात आलं की बोडकं झाड म्हणजेच ऑटम. निसर्गाला जमलं नव्हतं ते ग्रामस्थांनी करून दिलं. फक्त गळतानाची पानं हवीत. घरी हळद लावलेल्या पानांची एक पिशवी उरली होती. आता बरकत-दोरी काही नको. मी स्वतः झाडावर चढणार आणि वरून हाताने पानगळ करणार. जास्त परिणामकारक.

तोच दिवस, संध्याकाळी

अपूर्व यश!

धोतराचा काचा मारून वर चढलो. एवढ्यात जीप आली. फादर वेळेच्या आधीच हजर. सिस्टर कॉन्व्हेंटमध्ये चहाचं पाहत होत्या. पोरं धावत बाहेर आली आणि प्रत्येकाच्या हातात पान. माझंच, हळदीचं. सोनं घ्या, सोनं घ्या, करत सगळी फादरांना बिलगली. पांढऱ्या झग्यावर पिवळे आणि गेरूचे पंजे. मी वरून पानांचा वर्षाव चालू केला. वर्गाचा आणि निसर्गाचा इतका मिलाफ मी पुस्तकातही पाहिला नाही.

फादर मराठी चांगलं बोलतात. त्यांनी विचारलं, ऑटम म्हणजे काय? मागच्या रांगेत बसवायची ती शकू नेमकी पुढे. म्हणाली, ऑटम म्हंजी झाडाला पानं बांधायची, लोकं ती लुटून नेत्यात, मंग पुन्यांदा बांधायची. फादर इतके हसले की झाडाला टेकावं लागलं. मग वर पाहून मला म्हणाले, शाब्बास, फार मेहनतीचं काम करता. सांभाळून. आणि सबंध वर्ग घेऊन आत गेले.

इन्स्पेक्टरने शिक्षकाला 'सांभाळून' म्हणावं, हा केवढा जिव्हाळा! मी उतरणारच होतो, पण काचा फांदीत अडकला. सुटेपर्यंत जीप गेली होती.

उतरून वहाणा घालतो तर एका वहाणेत पान. शकूने ठेवलेलं. बरकत म्हणाला, तुमचा हात पोचंना म्हून तिनं तितं दिलं. सोनं घेतलं की उलट द्यायचं असतं. माझ्या पिशवीत तेव्हा एकही पान शिल्लक नव्हतं. आणि परमनंट होण्याच्या गडबडीत कुठे लक्षात राहतंय.

३० ऑक्टोबर, गुरुवार

शेरा आला. सिस्टरांनी ऑफिसात बोलावून स्वतः वाचून दाखवला. पहिलीची मुलं धीट व हुशार. शाळेचा माळी अत्यंत मेहनती, त्यास कायम ठेवावं. वर्गशिक्षक इन्स्पेक्शनच्या वेळी गैरहजर.

मी म्हटलं, गैरसमज झालाय. सिस्टर म्हणाल्या, मीही तसंच पुण्याला कळवलं, झाडावरचे तेच मास्तर. उलट टपाली फादरांनी विचारलंय, मग वर्ग चालू असताना ते झाडावर काय करत होते? मास्तर, यावर काय लिहू, तुम्हीच सांगा.

पुष्कळ विचार केला. एवढंच विचारलं, माळ्याची जागा आहे का? सिस्टर म्हणाल्या, शाळेला बागच नाही. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, मास्तर, मी चित्रं दाखवा म्हटलं होतं हो.

घरी आलो. हिने हळदीचा रिकामा डबा पुसून फळीवर ठेवला. ते जास्त लागलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

शाळेचा आणि माझा शेवटचा दिवस. उद्यापासून दिवाळीची सुटी. हिंदुरावने निरोप धाडलाय, गादी तयार आहे. काही वाद घातला नाही.

सकाळी शाळेआधी रावेतच्या बाजूला ओढ्याकडे गेलो. दसऱ्यानंतर आपट्याला कुणी पान ठेवतं थोडंच! काट्यांत शिरून, उंचावरच्या एका फांदीला एक सापडलं. थोडं किडलेलं.

शाळा सुटताना पोरं फटाक्यांच्या गप्पा मारत पळाली. शकूला दाराशी थांबवलं. बाकी कुणी पाहत नाही असं बघून पान तिच्या हातात दिलं. तिने उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, गुरुजी, हळद न्हाई लावली?

म्हटलं, संपली.

बरं, म्हणाली. ओच्यात खोचलं आणि गेली.

फिटलं.